मोडलेला अध्याय

पोथी वाचायची ती बायको. मी नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मधे गावात लोक मला भलताच साधू समजायला लागले होते. उंब्रजच्या स्टँडवर एक जण तर चक्क वाकून पाया पडला. मी म्हणालो, "गड्या, पाया कुनाच्या पडतोस? मी पलटणीतला रिटायर हवालदार. रविवारचा रस्सा चुकवत न्हाई." तो म्हणाला, "पन तुमी रोज पोथी वाचता म्हनं." वाचतो, ते खरं आहे. पण का वाचतो ते त्याला सांगितलं असतं, तर घरी येऊन बायकोच्याच पाया पडला असता.

पोथी आमच्या घरात आली ती लग्नात, कुंडलहून, तिच्या ट्रंकेतून. लाल कापडात बांधलेली, कडा मऊ पडलेली, जाड अक्षराची. तिच्या आईकडची. मला वाटलं, ठेवील देवघरात, सणासुदीला हळदकुंकू वाहील. कसलं काय! दुसऱ्या दिवशी मी अजून अंथरुणात, आणि माजघरातून आवाज. केस ओले, पाटावर मांडी घातलेली, समोर लाकडी स्टँडवर पोथी. रोज एक अध्याय, चहाच्या आधी. एक म्हणजे एकच, जास्त नाही आणि कमी तर नाहीच. शेवटचा अध्याय संपला की त्याच बैठकीत पहिल्यातल्या पाच ओव्या वाचून ठेवायच्या, म्हणजे पोथी संपली असं होत नाही. सोयर, सुतक, अडचणीचे दिवस, अशा वेळी पोथीला हात लावायचा नसतो. मग ही मागच्या दारात बसून त्या दिवसाचा अध्याय तोंडपाठ म्हणायची. तिला वाटायचं, हळू म्हणतेय. सगळी आळी ऐकायची.

आणि मधे बोलायचं नाही, हा कायदा. अध्याय सुरू झाला की घरात कलेक्टर येऊ दे, ती तळहात वर करणार आणि बोटाने जागा दाखवणार, बसा. एकदा मी अकरा महिन्यांनी सुटीवर आलो. रात्रभर गाडी, कराडला उतरून जीप, डोक्यावर ट्रंक, दारात उभा. बायकोने पोथीवरून मान वर केली, डोळे भरून आले तिचे, पण ओवी काही सोडली नाही. तळहात वर केला आणि उंबऱ्याकडे बोट दाखवलं. बसलो मी उंबऱ्यावर, ट्रंकेशेजारी. अध्याय मोठा होता त्या दिवशीचा. संपल्यावर मी चिडलो तर म्हणते, "अकरा म्हैनं थांबलाव, आनि एवढं थांबवंना व्हय?"

यंदा चैत्रात, गावची जत्रा होऊन गेल्यावरची गोष्ट. सकाळची लाइट होती म्हणून मी उसाला पाणी सोडायला निघालो होतो, मोटरसायकलला किक मारत होतो. आतून रोजच्यासारखा आवाज येत होता. आणि थांबला. ओवीच्या मधे थांबला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं, म्हणून मी गाडी तशीच टाकून आत पळालो. ती पाटावरून कलंडली होती, स्टँड आडवं, पोथी उपडी पडलेली, आणि तिचं तोंड एका बाजूला ओढलेलं. मला बघून काहीतरी बोलायला गेली. नुसतं "तं, तं" असं आलं.

शेजाऱ्याच्या गाडीतून कराडला नेली. वेळेत पोचलो म्हणून जीव वाचला. उजवा हात-पाय लुळा पडला होता, त्यातला पाय हळूहळू सुधारला, काठी घेऊन चालायला लागली. बोलणं मात्र गेलं ते गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, "त्यांना समजतं सगळं. बोलायचं काय तेही डोक्यात असतं. पण मेंदूतला बोलण्याचा जो भाग आहे त्याला मार बसलाय, शब्द बाहेर येत नाहीत." मी विचारलं, "येतील का परत?" ते म्हणाले, "सांगता येत नाही. पहिले सहा महिने महत्त्वाचे. काय यायचं ते बरंचसं त्यात येतं."

घरी आणली. पाण्याला "तं", चहाला "तं", पोराचा फोन आला तरी "तं". मान हलवायची, तर तीही उलटसुलट. हो म्हणायचं असलं तरी मान नाही अशी हलायची, मग स्वतःवरच चिडायची, रडायची. मी तिच्यासमोर पाणी धरायचो, भाकरी धरायचो, चादर धरायचो, दुकानदारासारखा एकेक वस्तू दाखवत. कधी जमायचं, कधी नाही. मी माणूस बराकीत राहिलेला, मला गलका लागतो, आणि घरात ही शांतता. मला राग यायचा. तिचा नाही यायचा. पण कुणाचा, हेही धड कळायचं नाही. शेतात जाऊन मोटरीला शिव्या द्यायचो.

अंघोळ घातली की ती काठी टेकत देवघरासमोर जाऊन बसायची. लाल कापडात बांधलेल्या पोथीकडे बघायची. ती पडली त्या दिवशी शेजारच्या वैनींनी पोथी उचलून मिटून, बांधून जागेवर ठेवली होती. मला वाटलं, हिला वाचता येत नाही म्हणून वाईट वाटतंय. म्हटलं, मग मी वाचतो की! त्यात काय अवघड आहे? मला अक्षर वाचता येतं, आवाज खणखणीत आहे, सकाळी वेळ आहे. दुसऱ्या दिवशी अंघोळ केली, पाटावर बसलो, अध्याय पहिला.

दोन ओव्या झाल्या आणि बाईने डाव्या हाताने जमिनीवर थाप मारली. मी वर बघितलं. डोळे लाल. परत वाचायला लागलो, परत थाप. मग तोंड भिंतीकडे फिरवून बसली. मला वाटलं, माझा आवाज मोठा आहे. दुसऱ्या दिवशी अंगाईसारखं हळू वाचलं. तेच. तिसऱ्या दिवशी म्हटलं, माझी चाल बेसूर आहे, तर मोबाइलवर कुणा बुवांचं वाचन लावून दिलं. पेटी, तबला, सगळं साग्रसंगीत. तिने मोबाइल असा भिरकावला की काचेला तडा गेला. मीही हट्टी. नेटाने वाचत राहिलो आठवडाभर, ती भिंतीकडे तोंड करून बसत राहिली. शेवटी पोथी बांधून ठेवली आणि म्हणालो, "नगं तर नगं. राहिलं."

मग कुंडलहून मेव्हणी आली, तिची धाकटी बहीण. तोंडाने फटकळ, पण हाताला चव. भाकरी, खर्डा, वांग्याची भाजी, सगळं बांधून घेऊन आली. मी तिला रडगाणं सांगितलं. ती म्हणाली, "वाचून दावा बरं मला." मी पहिला अध्याय काढला, चार ओव्या वाचल्या. मेव्हणी हसायलाच लागली. "दाजी, वाचताय का कवायत घेताय?" आणि मग तिचं हसू एकदम थांबलं. बहिणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"पयल्यापास्नं लावलीय तुमी?"

"मग कुठनं लावायची?"

"ती पडली तवा वाचत हुती न्हवं? अध्याय मोडलाय तिचा. मोडल्याला अध्याय तसाच ठिवून तुमी नवी पोथी लावली व्हय? आई आमची कवा बी तसं करू द्यायची न्हाई. मोडलं असंल तितनंच धरायचं, पुरं करायचं, मग पुढं."

मी बायकोकडे वळलो. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि डावा हात ती जोरजोरात हलवत होती. ह्या वेळी मानेकडे बघायची गरजच नव्हती. म्हणजे दोन महिने ही बाई अर्ध्या ओवीवर अडकून बसली होती आणि मी तिच्यासमोर पहिलीची बाराखडी काढून बसलो होतो!

आता प्रश्न असा, की कुठे मोडला? अध्याय कुठला, ओवी कुठली? खूण म्हणून ती तुळशीचं वाळकं पान ठेवायची, पण वाचायला बसताना ते काढून बाजूला ठेवलेलं, पडापडीत गेलं कुठेतरी. ह्या फेरीची पोथी तिने कधी सुरू केली होती, कुणाला माहीत नाही. मी कधी लक्ष दिलं नव्हतं, वैनींना आठवेना. एकाच माणसाला पक्कं माहीत होतं आणि त्या माणसाला सांगता येत नव्हतं. मी पोथी तिच्या हातात दिली. पण अक्षरंही तिला आता धड लागत नव्हती. पानं उलटायची, डोळे बारीक करायची आणि मिटून ठेवायची.

मेव्हणी तिच्याजवळ जाऊन बसली, तिचा हात धरला. म्हणाली, "ताई, आता दाजी वाचनार न्हाईत. हुडकनार हायत. तुजं ठिकान आलं की तुला कळंल. तवर ऐक. चालंल का?" बायकोने डोळे मिटून घेतले. भिंतीकडे तोंड मात्र फिरवलं नाही.

मग मी शोधायला बसलो. तपास म्हटला की माझं डोकं चालतं. जे वाचून झालं होतं त्याच्या पुढून सुरू केलं. सकाळी तीन अध्याय, दुपारी जेवणानंतर दोन. वाचायचं कमी, तिच्याकडे बघायचं जास्त. ओवी वाचली की मान वर. काही नाही. पुढची. असं करता करता माझीही कवायत सुटली. जीभ आपोआप चालीत पडली, कारण कवायतीच्या सुरात इतकं वाचलं तर घसा फाटतो. गोष्टीतही मन गुंतायला लागलं. देवाचं कसं होतंय, भक्ताचं कसं होतंय, दुपारी उसात पाणी फिरवताना मी उद्याचा विचार करायचो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला बहुतेक कळलं होतं.

आषाढात एका सकाळी मी वाचत होतो. देव एका गरिबाच्या दारात पाहुणा होऊन येतो, तो भाग. चुलीवर काही नाही आणि पाहुणा तर दारात. मी ओवी संपवली, सवयीने मान वर केली. तिची बोटं हलत होती. डाव्या हाताची बोटं, गुडघ्यावर, ठेका धरल्यासारखी. मी पुढची ओवी वाचली. ती ताठ बसली. त्याच्या पुढच्या ओवीचे दोन चरण मी वाचले आणि तिसऱ्याला तोंड उघडणार, तेवढ्यात तिसरा चरण तिच्या तोंडून आला. पुरा. शब्द जड, ओढत आलेले, जिभेत अडकलेले, पण पुरे. मग चौथा. मग पुढची ओवी, मग तिच्या पुढची. मी पोथीत बोट ठेवून बघत होतो, शब्दाला शब्द लागत होता.

मी वाचायचं बंद केलं. तिने अध्याय संपेपर्यंत म्हटलं. घाम आला होता तिला. शेवटची ओवी झाल्यावर तिने डावा हात कपाळाला लावला आणि माझ्याकडे बघून हसली, तोंड अजून थोडं वाकडंच. मी काय केलं? मी रडलो. लपवायचं काय त्यात? हवालदार असलो म्हणून काय झालं? ओसरीवर जाऊन मेव्हणीला फोन लावला आणि मला बोलता येईना. ती तिकडून "दाजी, दाजी" करतेय आणि माझं आपलं हुं हुं चाललंय. शेवटी तिला वाटलं, मलाच झटका आला.

मला वाटलं, सुटलो! ओव्या आल्या, आता बोलणं येणार. स्वयंपाकघरातून पाणी आणलं, तिच्यासमोर धरलं. म्हणालो, "म्हन, पानी." तिने तोंड उघडलं. "तं," म्हणाली.

हे कसं काय? शंभर ओव्यांचा अध्याय येतो आणि पाणी येत नाही? तिला घेऊन कराडला गेलो. तिथे बोलणं शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, वयाने माझ्या सुनेएवढ्या. त्यांनी शांतपणे समजावलं, की पाठ असलेलं, चालीत बांधलेलं जे असतं ते मेंदूत वेगळ्या बाजूला राहतं, तिकडे धक्का बसलेला नाही. म्हणून ओवी येते. आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यावर मी खूश झालो. म्हणाल्या, "काका, हीच चाल वापरा. त्यांना रोज लागणारी वाक्यं ह्या चालीत बसवा. त्यांच्या डाव्या हाताने गुडघ्यावर ठेका धरायचा आणि म्हणायचं. आधी तुमच्याबरोबर, मग एकट्याने. चालीच्या आधाराने शब्द बाहेर येतात, मग हळूहळू चाल सुटते."

एवढंच ना? येताना गाडीतच मी रचायला लागलो. मला यमक जुळवता येतं हे वयाच्या ह्या टप्प्यावर कळलं. तहानेची एक ओवी, चहाची एक, पाठ दुखते त्याची एक, लघवीला जायचंय त्याची एक. घरी आलो, तिचा हात गुडघ्यावर धरला, ठेका दिला आणि चालीत सुरू केलं:

"घसा पडला कोरडा । तांब्या भरून आना । पाजा मला थोडा । पानी गार ॥"

तिने हात काढून घेतला. मला वाटलं, आवडली नसेल, यमक जरा लंगडं आहे. चहाची म्हटली. तिने तोंड घट्ट मिटून घेतलं. लघवीची ओवी तर अर्धीही होऊ दिली नाही, डावा हात माझ्या तोंडावर ठेवला. मला कळेना. चाल तर तीच, जी सकाळी ती घडाघडा म्हणते.

कळलं ते वैनींमुळे. कुंपणापलीकडून ऐकत होत्या, तिथूनच ओरडल्या, "भावजी, देवाच्या चालीत मुतायचं म्हनता? पाप लागंल हो! तिला कसं म्हनवंल?" बायकोने वैनींकडे बघून हात जोडल्यासारखा केला. म्हणजे तेच होतं. ती चाल तिने आयुष्यभर देवासमोर बसून लावली होती. तिला हाक मारायला, भांडायला, भाजीचा भाव करायला दुसरा आवाज होता, तो गेला. हा राहिलेला आवाज देवाचा होता, तो ती चहाला लावणार नव्हती.

मी खूप वाद घातला. म्हणालो, "आगं, देवानंच ठिवलाय न्हवं हा आवाज? त्याला नगं असतं तर त्यो बी काढून न्हेला असता." म्हणालो, "देव गरिबाच्या घरी जेवाया बसला ते चालतंय, आनि तू चा मागितलास तर इटाळ हुतोय?" ह्यावर तिला हसू आलं, पण तोंड उघडलं नाही. रोज सकाळी माझ्याबरोबर अध्याय म्हणायची, खणखणीत. दिवसभर "तं". मी रोज मुदतीचा हिशेब करायचो, श्रावण चालू झालाय, सहातले चार महिने सरत आलेत. रागावलो, विनवलं, अबोला धरून बघितला. मुक्या बायकोशी अबोला धरला, म्हणजे बघा मी कुठल्या थराला गेलो. तिने तळहात वर केला आणि बसा म्हणून बोट दाखवलं.

गणपतीला पुण्याहून पोरगा आला, सून आली आणि तीन वर्षांची नात. नात आजीच्या मांडीवरून हलायलाच तयार नाही. आजी बोलत नाही ह्याचं तिला काही वाटतच नव्हतं. ती आपली एकटीच दोघींचं बोलायची. मोदक झाले, आरती झाली, जेवणं झाली. दुपारी माजघरात सगळे बसलो होतो आणि पोराने विषय काढला. तो तोच काढायला आला होता.

"आण्णा, तुम्ही दोघं पुण्याला चला. तिथं आठवड्यातून तीनदा आईला थेरपी मिळेल. इथून कराडला तुम्ही किती फेऱ्या मारणार? शेत वाट्यानं लावा. सहा महिने संपायला आलेत, आता थांबून चालणार नाही."

मी म्हणालो, "न्हाई."

"का नाही?"

"ती येनार न्हाई. मी वळखतो तिला. हितं तिचं देवघर हाय, तिच्या बायका हायत, उठलं की दारात चार मानसं दिसत्यात. तुज्या त्या आठव्या मजल्यावर ती काय करनार? कबुतरं मोजनार? तिचा जीव हितं हाय. तिच्या मनातलं मला सांगाय लागत न्हाई."

सून दबक्या आवाजात म्हणाली, "आईंना विचारूया ना."

"काय इचारायचं? तिची मान व्हय म्हनती तवा न्हाई असतं, आनि न्हाई म्हनती तवा व्हय. इतकी वरसं संसार केलाय मी. मला म्हाईत हाय." मी जोरात बोलत होतो. माझी बाजू पक्की होती. जिंकलो असं मला वाटलं, आणि मी तक्क्याला टेकून बसलो.

तेवढ्यात बायकोने नातीला मांडीवरून खाली ठेवलं. काठी घेतली, उठली. मी म्हणालो, "काय पायजे? पानी?" तिने तळहात वर केला. देवघरापाशी गेली, बसली, पोथीवर डावा हात ठेवला, तो हात कपाळाला लावला. बराच वेळ तशीच बसली, डोळे मिटून, परवानगी मागितल्यासारखी. मग तिथेच आमच्याकडे तोंड करून वळली. तिची बोटं गुडघ्यावर पडायला लागली. पोराला वाटलं, आई पोथी म्हणतेय. मलाही तेच वाटलं. पहिला शब्द आला आणि मी उठून बसलो, कारण अशी ओवी पोथीत कुठेच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, एकेका शब्दाला थांबत, जीभ ओढत, चालीला धरून:

"मला हाय जायाचं । नातीला हाय बघायाचं ।

तुमाला न्हाई यायाचं । तर ऱ्हावा हितं ॥"

नातीने टाळ्या वाजवल्या, तिला वाटलं परत आरती सुरू झाली. सुनेने पदर तोंडाला लावला. पोरगा गुडघ्यावर सरकत गेला आणि आईच्या मांडीत डोकं घालून रडायला लागला, एवढा मोठा कंपनीतला साहेब.

आणि मी? आधी मला राग आला. खरंच आला. पाच महिने वाट बघितली, रोज पहाटे उठून पोथी वाचली, ओव्या रचल्या, आणि बाईचं पहिलं बोलणं काय, तर तुमी ऱ्हावा हितं! मग हसू आलं, इतकं की पोट दुखलं. आणि मग एक गोष्ट समजली. पाच महिने मी तिच्या वतीने बोलत होतो. डॉक्टरांशी, वैनींशी, मेव्हणीशी, पोराशी. मला तिच्या मनातलं सगळं माहीत आहे असं छातीठोकपणे सांगत होतो. ती समोर बसून ऐकत होती आणि तिचं म्हणणं माझ्या बरोब्बर उलटं होतं. चहासाठी तिने देवाचा आवाज खर्ची घातला नाही, पाण्यासाठी नाही, दुखण्यासाठीही नाही. पण मी तिच्या जागी उत्तर दिलं, ते मात्र तिला चाललं नाही.

मी तिच्यासमोर जाऊन बसलो, पोराच्या शेजारी. म्हणालो, "एकटा हितं ऱ्हाऊन काय करू? मी येऊ का तुज्यासंगं?"

पोरगा म्हणाला, "आण्णा, असं काय विचारता? याच की."

"तू गप," मी म्हणालो. "तुला इचारलं न्हाई."

आणि थांबलो. तिने माझ्याकडे बघितलं, चांगलं वरपासून खालपर्यंत. डाव्या हाताने डोळे पुसले. मग बोटं परत गुडघ्यावर पडायला लागली.